वहीत नसलेला रकाना

वहीच्या पहिल्या पानावर २०१३ सालच्या माझ्या अक्षरात पाच रकाने आखलेले आहेत. जुळी, दूध, वाढ, स्वभाव, रंग. रंगाखाली बारीक अक्षरात ‘काळा, कान लोंबते’ असंही लिहून ठेवलंय. तेव्हा मी तळेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो, आणि जगातली कुठलीही वस्तू रकान्यांत बसवता येते अशी माझी खात्री होती. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण द्यायचे. पन्नासात चाळीस पडले तर शेळी ठेवायची, नाहीतर बाजार दाखवायचा. अशी शेळी बाजारात तयार मिळत नाही हे मला कळत होतं, म्हणून मी ती स्वतः तयार करणार होतो. संकर करून.

शेळ्या आमच्या घरात होत्याच. पवनानगरला जुनी माणसं अजून काळे कॉलनी म्हणतात. तिथून धरणाच्या काठाकाठानं तुंग किल्ल्याच्या अंगाला गेलं की आमची वस्ती लागते. चांगली भाताची खाचरं पवनेच्या पाण्याखाली गेली आणि आमच्या वाट्याला उरला डोंगरउतार. करवंदीच्या जाळ्या, ऐन, आंजन, कातळ. तिथे नांगर चालत नाही, शेळी चालते. आजीनं त्या उतारावर चौदा-पंधरा गावरान शेळ्यांवर संसाराला हातभार लावला. काटक, बुटक्या, काळ्या-तांबड्या, कुणाच्या कानात काही खास नाही, कुणाच्या चेहऱ्यात नाही. पूर्ण वाढलेली शेळी बावीस-चोवीस किलोची. कापायला घेणारा खाटीक एका हातानं उचलून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. त्या वाकड्या तोंडाची मला लाज वाटायची, हे खरं कारण. बाकी सगळं गणित नंतर मांडलेलं.

तेव्हा जो तो ‘बोअर’ म्हणत होता. ही दक्षिण आफ्रिकेतली मांसाची जात. अंग पांढरं, डोकं विटकरी, छाती पेटीसारखी, आणि बोकड शंभर किलोच्या पुढे जाणारा. आपल्याकडे ती फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९३ साली गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात आणली. एक रविवार काढून मी फलटणला जाऊन आलो. बोअरचा बोकड आपल्या उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला दाखवला की पहिल्या पिढीची करडं आईपेक्षा झपाट्यानं वाढतात, ही गोष्ट तिथे डोळ्यांनी दिसत होती. पण घरी परतताना मी एक गोष्ट विसरलो. फलटणला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे जुलैत तेवढा आठवड्या-दीड आठवड्यात पडलेला मी पाहिलाय. पाच रकान्यांत पावसाला जागा नव्हती.

मी आजीच्या अकरा शेळ्या विकल्या. तीन उरल्या, त्याही फक्त म्हाताऱ्या असल्यानं कुणी भाव करेना म्हणून. आलेल्या पैशांत थोडी भर घालून एका फार्मवरून ‘शुद्ध बोअर’ बोकड आणला, आणि चाकणच्या शनिवारच्या बाजारातून आठ उस्मानाबादी पाटी, म्हणजे तरुण शेळ्या. फार्मचं नाव सांगत नाही. बोकड शुद्ध नव्हता एवढं सांगतो. मानेवरचा विटकरी रंग शुद्ध होता, आत काय होतं ते दोन वर्षांनी कळलं.

पहिल्या वेताची करडं मात्र बघत राहावी अशी झाली. तीन महिन्यांत बारा-तेरा किलो. आजीच्या शेळीचं करडू त्या वयात आठावर असायचं. येणाराजाणारा गाडी थांबवून विचारायचा. मी कंपनी सोडली. बायको म्हणाली, “अजून एक पावसाळा तरी बघायचा होता.” ती हे रागानं म्हणाली नव्हती, आणि म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलंय.

मग मी तीच चूक केली जी बहुतेक सगळे करतात. पहिल्या पिढीतला सगळ्यात देखणा बोकड घरीच ठेवला आणि पुढच्या पाटींना तोच लावला. म्हटलं, अर्धा बोअर आणि अर्धी बोअर, म्हणजे करडंही अर्धी बोअर, हिशोब बरोबर. हिशोब बरोबरच होता, करडं चुकीची निघाली. एकाच वेतातलं एक करडू आजोबावर गेलेलं, पांढरंशुभ्र आणि दांडगं. दुसरं काळं, उंच पायांचं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. तिसऱ्याला दोघांतलं काहीच नाही. पहिल्या पिढीत जो जोम दिसतो तो दोन लांबची रक्तं प्रथमच भेटल्याचा असतो. पुढच्या पिढीत तो ओसरतो आणि पत्ते पुन्हा पिसले जातात.

आम्हा मावळातल्या माणसांना खरं तर हे सांगायला नको. आम्ही रोज खातो तो इंद्रायणी संकरच. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला, आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांचा. आंबेमोहोराचा वास आणि आय. आर. ८ चं उत्पन्न एका लोंबीत आणायचं, म्हणजे माझ्यासारखीच हाव. पण भाताचं फूल स्वतःशीच फळतं. पिढ्यान् पिढ्या निवडत गेलं की वाण ठरतो, आणि एकदा ठरला की बी घरचं ठेवलं तरी चालतं. शेळी स्वतःशी फळत नाही. तिला दर खेपेला दुसरा लागतो, आणि दर खेपेला पत्ते पिसले जातात. शिवाय भाताच्या एका वाफ्यात हजार रोपं उभी राहतात, त्यातली नऊशे नव्वद उपटून टाकता येतात. माझ्याकडे वर्षाला पंचवीस करडं. त्यातली अर्धी बोकडं, ती आखाडात आणि ईदला जायचीच. उरलेल्या बारा पाटींतून मी काय निवडणार आणि काय टाकणार?

मग तो जुलै आला.

त्या वर्षी मी बोकडाच्या पोटाला गोणपाट बांधलं नव्हतं. आजी जानेवारी ते मार्च न चुकता बांधायची. शेळी पाच महिने गाभण राहते, फेब्रुवारीत लागली तर ऐन आषाढात विते. मी म्हटलं, दोन वर्षांत तीन वेतं घ्यायची तर गोणपाट बांधून कसं चालेल. रात्री अकरा वाजता एक पहिलटकरीण अडली. वीज गेलेली. पत्र्यावर पाऊस असा की शेजारी उभ्या बायकोशी ओरडून बोलावं लागत होतं. कामशेतच्या डॉक्टरांना फोन लागला, पण ओढ्यावरून पाणी चाललेलं, ते येणार कसे. त्यांनी सांगितलं तसं मी कोपरापर्यंत हात साबणानं धुतला, खोबरेल चोपडलं आणि आत घातला. नाक लागलं. एक पाय लागला. दुसरा पाय मागे दुमडलेला. डोकं एवढं मोठं की माझी बोटं त्याच्या आणि हाडाच्या मध्ये शिरत नव्हती. कळ आली की हात आवळला जायचा, बोटांतली जाणीव जायची, थांबायचं, कळ गेली की पुन्हा पुढे सरकायचं. डोकं मागे ढकलून तो पाय वाटीसारख्या तळव्यात धरून पुढे आणायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. बायको शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि बॅटरी दातांत धरली होती. करडू आलं ते साडेतीन-चार किलोचं, देखणं आणि मेलेलं. शेळी वाचली.

बाहेर पाऊस तसाच. मी पडवीत बसून वही उघडली. ‘वाढ’ या रकान्यात त्या बोकडाला दहापैकी दहा होते.

त्याच पावसात खुरांचं सुरू झालं. आधी एक लंगडली, मग चार, मग गोठाभर. दोन नख्यांच्या मधली कातडी लाल होते, मग पांढरट, मग तिला एक वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की गोठ्याच्या दारातूनच आजची संख्या कळते. सकाळ-संध्याकाळ एकेकीला धरून मोरचुदाच्या पाण्यात उभं करायचं, वाढलेली नखी चाकूनं छाटायची. जड अंगाच्या शेळीचा सगळा भार त्याच चार कुजक्या नख्यांवर. दुखतं म्हणून ती बसते, ओल्यात बसते म्हणून खोकते, खाणं सुटतं. खालची पापणी ओढून बघितली की आत गुलाबी दिसायला हवं, तिथे कागदासारखं पांढरं. म्हणजे पोटात जंत. ओल्या गवताच्या पात्यावर जंतांची पिल्लं चढून बसतात. मान वर करून झाडाचा पाला ओरबाडणारी शेळी त्यातून वाचते, मान खाली घालून गवत खाणारी जंतच खाते. पाय दुखणारी शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाला कसा ओरबाडणार?

आणि आजीच्या त्या तीन म्हाताऱ्या? त्या पावसात करवंदीच्या जाळीपाशी मागच्या दोन पायांवर उभ्या. त्यांचे खूर मी त्या वर्षी पहिल्यांदा हातात घेऊन बघितले. लहान, काळे, घट्ट मिटलेले, दगडाचे असावेत तसे.

डोंगरावर एक धनगर आजी असायच्या. आमच्या आजीच्या मैत्रिणीसारख्या. माझा बोकड आणला तेव्हा सगळी वस्ती बघायला आली होती, त्याही आल्या होत्या. सगळे त्याची छाती बघत होते. त्या खाली बसून त्याचे पाय बघत होत्या. म्हणाल्या होत्या, “पोरा, लई ग्वाड हाय. पर ह्यो हुबा कशावर ऱ्हानार?” मला ते कौतुकच वाटलं होतं.

वहीत सहावा रकाना मी त्या पावसाळ्यानंतर आखला. खूर. पुढे त्याला गुण देणं बंद केलं. दोन पावसाळ्यांत दोनदा मोरचूद लागला तर शेळी ठेवायची नाही, मग बाकी पाच रकान्यांत काहीही असो. गुणांची बेरीज करण्यातच खोट होती, हे कळायला मला तीन वर्षं लागली. कंपनीत आम्ही असं कधी केलं नसतं. ब्रेकला दहापैकी दोन आणि रंगाला दहापैकी दहा, म्हणून सरासरी सहा, गाडी पास!

फलटणला मी पुन्हा गेलो, पण या वेळी मेंढ्यांचं ऐकायला. तिथली गोष्ट मला अजून नवलाची वाटते. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची एक चिमुकली मेंढी आहे, दलदलीत चरणारी. तिच्यात एकच जनुक असं आहे की ज्याच्यामुळे मेंढीला एकाऐवजी दोन-तीन कोकरं होतात. संस्थेनं तेवढं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. गारोळचा लहानखुरेपणा नको, म्हणून पुन्हापुन्हा दख्खनीशी संकर करत प्रत्येक पिढीत तेवढं जनुक तपासून पुढे नेलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ झाली. मी खूश होऊन घरी आलो आणि बायकोला सांगितलं की असंच खुराचं करायचं. ती म्हणाली, “खुराचं एकच असतं का तसं?” नसतं. जुळ्यांचं ते एक जनुक रक्त तपासून ओळखता येतं. चिखलात टिकणं हे कुठल्या एका जनुकात नसतं. ते नखीच्या घट्टपणात असतं, अंगाच्या वजनात असतं, कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही या शेळीच्या अकलेत असतं. त्याची तपासणी म्हणजे जुलै, दुसरी नाही.

पावसातली शेळी हवी तर पावसाकडेच जायला हवं होतं. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही महाराष्ट्राच्या नोंदणी झालेल्या चार शेळ्यांपैकी एक. उस्मानाबादी, संगमनेरी आणि बेरारी या बाकीच्या तीन. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं कुडाळ तालुक्यातल्या निळेलीला तिच्यावर काम केलंय. काळं अंग, तोंडावर नाकपुडीपासून कानाकडे जाणारे दोन पांढरे पट्टे, पाय लांब. २०१७ च्या दिवाळीनंतर मी कुडाळकडून एक बोकड आणला. गाडीतून उतरवला तेव्हा बघायला वस्तीतलं कुणी आलं नाही. बोअरच्या शेजारी तो भाड्यानं आणल्यासारखा दिसत होता. धनगर आजी त्या आधीच गेल्या होत्या. पाय मीच बघितले.

त्याच्याही करड्यांत सगळं गोड नव्हतं. वजन खाली आलं, तीन महिन्यांत दहा-साडेदहावर थांबायचं. माझ्या वहीप्रमाणे जुळ्यांचं प्रमाणही उतरलं. पण अडलेल्या शेळ्या थांबल्या आणि मोरचूद महिन्याला किलोवरून पावशेरावर आला. आजीच्या तीन म्हाताऱ्यांपैकी एकीला त्याच्यापासून दोन पाटी झाल्या. एक तोंडावर पट्टे घेऊन आलेली, दुसरी आईसारखी, कशासारखीच नाही. या दोघी आणि उस्मानाबादी-बोअरच्या संकरातल्या निवडक पाच, एवढ्यांवर मी पुन्हा मांडणी केली. गोणपाट पुन्हा बांधायला लागलो. जूनच्या पहिल्या हिरव्या पाल्यानंतर शेळ्या आपोआप माजावर येतात, तेव्हा बोकड सोडायचा. करडं कार्तिक-मार्गशीर्षात, कोरड्यात येतात. आखाड येईपर्यंत बोकडं सात-आठ महिन्यांची होतात आणि मटणाला गिऱ्हाईक तेव्हाच सगळ्यात जास्त. आजीनं हे कुठल्या वहीत लिहिलं नव्हतं.

निवड कशी करतो ते विचारायला आता लोक येतात. मी सांगतो आणि त्यांना ते फार साधं वाटतं. जुळी झाली पाहिजेत हे बरोबर, पण दोन्ही करडं बाटलीशिवाय तीन महिने काढणार असतील तरच ती जुळी. तीन झाली तर मला आनंद होत नाही, तिसरं घरात चुलीपाशी वाढतं आणि बायकोच्या मागे फिरतं. बोकड निवडताना मी त्याच्याकडे शेवटी बघतो, आधी त्याच्या आईची कास बघतो. आणि बोकड दोन वर्षांवर ठेवत नाही, कारण तोवर त्याच्या लेकी वयात येतात. एकदा मोहापायी ठेवला होता. एक करडू खालचा जबडा आखूड घेऊन जन्मलं, त्याला आईचा सड धरता येईना. आता आम्ही तिघं-चौघं शेळीवाले आपसात बोकड फिरवतो. त्यात पैशांचा व्यवहार नाही, फक्त वहीचं पान बोकडाबरोबर द्यायचं.

सगळ्यात कठोर निवड मात्र मी केलीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मावळात गुलाबांची पॉलिहाऊसं कागदासारखी फाटली. आमच्या गोठ्याचे पत्रे उडून शेजारच्या खाचरात जाऊन पडले. माच, म्हणजे फळ्यांची ती उंच जमीन जिच्या फटींतून लेंड्या खाली पडतात, तेवढी राहिली. अडतीस शेळ्या त्या रात्री उघड्यावर, वाऱ्यात आणि पावसात, भिंतीच्या उरलेल्या तुकड्याला चिकटून उभ्या. ताडपत्री बांधायला दोन दिवस गेले. चौथ्या दिवसापासून मी वही घेऊन नुसता कान देऊन बसलो. खोकणाऱ्या सतरा. त्यातल्या चौदांत बोअरचं रक्त निम्म्याहून जास्त. चार मेल्या. न खोकलेल्यांत त्या दोन पाटी होत्या, तोवर दोन वेतांच्या आया झालेल्या. बोअरवर हा आळ घालण्यात अर्थ नाही. तो आफ्रिकेतल्या कोरड्या माळावरचा, त्याला तुंगाखालच्या जूनमध्ये मी आणून उभा केला होता. कोरड्या भागात, बांधून खाऊ घालून, त्याच संकरावर पैसे करणारी माणसं मी ओळखतो आणि ती खोटं बोलत नाहीत.

आजच्या माझ्या शेळीत कुडाळचं निम्मं असेल, उस्मानाबादी पाव, बाकीत बोअर आणि आजी. सव्वीस-अठ्ठावीस किलोची भरते. रंगाचा रकाना कधीच खोडला. कान कुणाचे लोंबते, कुणाचे आडवे. या वर्षी पहिल्यांदाच लागोपाठ दोन वेतांत पाटी साधारण एकसारख्या निघाल्यात, तोंडावर अर्धवट पट्टा, पाय काळे. ठरली असं म्हणायची माझी हिंमत नाही. अजून चार-पाच पिढ्या जातील, आणि एक पिढी म्हणजे दीड वर्ष. माझा गुडघा आता चढावर बोलतो.

परवा पुण्याहून एक जण नवीकोरी जीप घेऊन आले होते. रिसॉर्टच्या मागे चार एकर आहे, शेळीपालन करायचंय. गोठाभर फिरले आणि बरोबर त्याच शेळीपाशी थांबले जी मी या महिन्यात काढणार होतो. पांढरी, विटकरी डोक्याची, छाती पेटीसारखी, अजून कुठूनतरी आजोबावर जाणारी. तिचे खूर मी गेल्या पावसाळ्यात तीनदा धुतलेत हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “पण उमदी आहे हो.” मग मी नको म्हटलं नाही. जाताना पट्टेवाल्या पाटींकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “आणि या कोणत्या जातीच्या?”

मी काहीतरी लांबलचक सांगायला तोंड उघडलं, तोवर बायको गव्हाणीत सुबाभूळ टाकत न वळता म्हणाली, “काळे कॉलनी.”

“हां हां,” ते म्हणाले, “ऐकलंय नाव,” आणि मोबाईल काढून त्यात लिहून घेतलं.